जिल्वानेतेचं दरवर्षीचं लग्न

जिल्वानेतेचं लग्न मी इतक्या वेळा लावलं आहे की आकडा विचारू नका. दरवर्षी जूनमध्ये, संत जुआंवच्या सणाला, शाळेमागच्या मैदानात, ढोल-अकॉर्डियनसकट. नवरा दरवर्षी पळून जायचा, बंदुकीच्या धाकाने धरून आणला जायचा, आणि मी झगा सावरत दोघांना आशीर्वाद द्यायचो. मी पाद्री नाही, न्हावी आहे. पण आमच्या गावात खरा पाद्री महिन्यातून एकदा येतो आणि माझं दुकान रोज उघडं असतं, त्यामुळे लोक दाढीला बसल्या बसल्या माझ्याकडेच पापं कबूल करून मोकळे होतात. मीही साबण लावता लावता माफ करून टाकतो.

लग्न सोंगाचंच. पोटुशी नवरी, पळपुटा नवरा, बंदूकवाला बाप आणि झिंगलेला पाद्री, एवढ्यावर सगळा खेळ. नवरी गाडीतून उतरली की फटाके उडतात. पाद्री विचारतो, हे पोट कुणाचं? नवरा ओरडतो, माझं नाही, हिला मी आजच बघतोय. मग सगळं मैदान ओरडतं, तुझंच आहे! नवरा शरण येतो, नवरी मागण्या करते आणि तो प्रत्येक मागणीला 'दिलं' म्हणतो. जिल्वानेते दरवर्षी समुद्र मागायची. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. नवरा म्हणायचा, दिला, आणि लोक मक्याची कणसं भाजायला शेकोटीकडे वळायचे.

नवरीचं काम आमच्याकडे एका बाईकडे आलं की ती स्वतः सोडेपर्यंत तिचंच. जिल्वानेतेकडे आलं तेव्हा ती विशीत होती आणि उशी बांधायची गरज नव्हती. पोट खरं होतं. ज्याच्यामुळे होतं तो ट्रक घेऊन गेला तो गेलाच. गावाने विचार केला, पोट आहेच, तर नवरीही हीच. आता याला दुष्टपणा म्हणायचा की काटकसर, तुम्ही ठरवा. तिने डोळे पुसले, वेणी घातली आणि मैदानात असा काही धुमाकूळ घातला की माणसं हसून हसून खाली बसली. पुढे मुलगी झाली, रोझिवानिया. तिच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून मी मोठ्या हौसेने उभा राहिलो. त्या दिवसापासून जिल्वानेते मला कोंपाद्री म्हणू लागली आणि मी तिला कोमाद्री. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या वर मानतात. धर्मपित्याने मुलीच्या आईशी लग्नाची गोष्ट काढली तर म्हाताऱ्या त्याला गावाबाहेर काढतील. मला जिल्वानेते आवडायची. पण हा नियम मला आठवला तो बाळाच्या डोक्यावर पाणी ओतून झाल्यावर. तेव्हापासून दरवर्षी मी तिला दुसऱ्या कुणाशी तरी लावून देतो आहे.

ती सकाळी आमच्या बसथांब्यावर मक्याच्या रव्याचं वाफवलेलं कुसकुस विकायची. हाताला चव होती आणि जिभेला धार. कुणी म्हणालं, आज मीठ कमी आहे, तर ती म्हणायची, "घरी बायको बोलत नाही वाटतं, इथे बोलायला येतोस."

आमच्या गावाचं नाव पोसु सेकू, म्हणजे कोरडी विहीर. नाव ठेवणाऱ्याने कुणाला फसवलेलं नाही. नळाला पाणी पंधरवड्यातून एकदा येतं, कधी तेही नाही. म्हणून घरोघरी पिंपं, टाक्या, पातेली, बिघडलेले फ्रिज, जे पाणी धरेल ते भरून ठेवलेलं. मग झिका नावाचा डासाचा ताप आला, आणि सरकारला कळलं की हा डास साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. सरकारने पाणी रोज सोडलं नाही. सरकारने सैनिक पाठवले.

जिल्वानेतेच्या परसात एक कोवळा सैनिक शिरला. तो म्हणाला, "मावशी, हे पिंप रिकामं करावं लागेल."

"कर की. आणि कुसकुस कशावर वाफवू, तुझ्या टोपीत?"

"वरून हुकूम आहे."

"पाणीही वरूनच सुटतं म्हणतात. त्याला नाही कुणी हुकूम देत?"

सैनिकाने पिंपावर फडकं बांधलं, कुसकुस खाल्लं आणि गेला. मग आरोग्य खात्याने नवी युक्ती काढली. अळ्या खाणारा एकेक मासा घरटी वाटला. बोटभर मासा, टाकीत सोडायचा आणि जपायचा. आमच्या गल्लीने पहिल्याच रविवारी निम्मे मासे मक्याच्या पिठात घोळवून तळले, उरलेले मांजरांनी कच्चे खाल्ले. तपासनीस येतोय म्हणून कळलं तेव्हा अख्ख्या गल्लीत एकच मासा जिवंत होता, जिल्वानेतेच्या टाकीतला. तो आम्ही बादलीत घालून परसांमागून तपासनिसाच्या एक घर पुढे फिरवला. तपासनीस प्रत्येक टाकीत वाकायचा, मान हलवायचा, "छान, तब्येत बरी आहे," म्हणायचा. शेवटच्या घरी त्याला शंका आली.

"तुमच्या गल्लीतले मासे सगळे सारखेच कसे दिसतात हो?"

"एकाच आईचे आहेत," जिल्वानेते म्हणाली.

त्या माशाचं नाव तिने नगरसेवक ठेवलं. गरज पडली की तेवढ्यापुरता दारोदार फिरतो म्हणून.

पण सैनिक काय नि मासे काय, उशिरा आले. डास आदल्या वर्षीच येऊन गेला होता. तेव्हा त्याला नाव नव्हतं. रोझिवानियाला तिसरा महिना होता. अंगावर लाल पुरळ उठलं, खाज सुटली, बारीक ताप आला, मनगटं दुखली. आरोग्य केंद्रातला डॉक्टर म्हणाला, ॲलर्जी आहे, कोळंबी खाल्लीस का? आमच्यापासून समुद्र कुठल्या कुठे. कोळंबी आम्ही फक्त बँकेच्या कॅलेंडरवर पाहिलेली. रोझिवानिया म्हणाली, नाही. डॉक्टर म्हणाला, मग पुढेही खाऊ नकोस. चार दिवसांत पुरळ गेलं आणि आम्ही विसरलो. डॉक्टरला मी बोल लावत नाही, तेव्हा कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एलोइझा जन्मली. नर्सने तिच्या डोक्याभोवती टेप लावली, कपाळाला आठ्या घातल्या, दुसरी टेप मागवली. मग मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतःची टेप घेऊन आल्या. तिन्ही टेपांचं एकमत झालं. डोकं फार लहान होतं. त्या महिन्यांत आमच्या राज्यात अशी बाळं एकामागून एक जन्मत होती. आईला डास चावतो, तिला चार दिवस खाज सुटते आणि पोटातल्या बाळाचा मेंदू वाढायचा थांबतो, हे जगाला आमच्या बायकांमुळे कळलं. मग राजधानीत कुणीतरी ठरवलं की किती लहान डोकं म्हणजे लहान. पुढे तो आकडा बदलला, पुन्हा बदलला. एलो कधी मोजणीत असायची, कधी बाहेर. पोरगी बिचारी पाळण्यातून कुठेही गेली नव्हती.

तिचा बाप क्लेओनिल्दू. त्याने दुपट्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "आमच्या घराण्यात असं कुणी नाही. हे माझं नाही." मग कामाला म्हणून साओ पावलोला गेला.

"हे वाक्य मी दर जूनमध्ये ऐकते," जिल्वानेते मला म्हणाली. "पण माझा नवरा निदान बंदुकीला भितो."

हे सांगताना ती हसली आणि मग एकदम रडली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. मी हातातली कात्री खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

एलो रडायची ती दिवसचे दिवस. भांडं पडलं तरी दचकून ताठ व्हायची. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले आणि मुठी घट्ट आवळलेल्या. रोझिवानिया तिला बाहेर नेताना वरून फडकं टाकायची, कारण बाजारातल्या बाया फडकं उचलून बघायच्या, छातीवर क्रूस काढायच्या आणि मग सल्ले द्यायच्या. कुणी म्हणायचं वांगं खाल्लं असशील, कुणी म्हणायचं ग्रहण पाहिलं असशील. एकीने तर विचारलं, डासाला आधी बघितलं होतंस का?

रेसिफेला, लांब समुद्रकाठच्या मोठ्या शहरात, एक केंद्र होतं. तिथे सोमवारी या मुलांचे हातपाय मोकळे करायचे, गिळायला शिकवायचे, मान धरायला शिकवायचे. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं, "ही पूर्ण बरी व्हायची नाही. पण पहिल्या एकदोन वर्षांत जे कमावेल ते तिचं. आत्ता सोडलंत तर हे सांधे असेच आवळून बसतील." जागा थोड्या आणि मुलं खूप. ओळीने तीन सोमवार चुकले की जागा पुढच्या मुलाला. रोझिवानियाने त्या जागेसाठी जिवाचं रान केलं होतं. बसने नेऊन पाहिलं. पोरगी गचक्यांनी ओकली, रडून निळी पडली, आणि अर्ध्या वाटेत ड्रायव्हरने दोघींना उतरवून दिलं. उरली नगरपालिकेची पांढरी गाडी. बिऊ नावाचा म्हातारा ती चालवायचा, खड्डा आला की आधी एलोची माफी मागायचा. एलो त्या गाडीत कमी रडायची.

आता सैनिक आले ते वर्ष निवडणुकीचं. नगराध्यक्ष दोतोर वाल्फ्रेदू. डॉक्टरकीशी त्यांचा संबंध नाही. आमच्याकडे ज्याच्या गाडीत एसी तो दोतोर. त्यांनी जून महिना डासविरोधी महिना म्हणून जाहीर केला आणि कार्निव्हलच्या मिरवणुकीतल्या मोठ्या बाहुल्या बनवणाऱ्याकडून एक डास करवून घेतला. लोखंडी सांगाडा, काळं कापड, पांढऱ्या पट्ट्यांचे पाय, म्हशीएवढं अंग. वाऱ्यावर पंख हलायचे. तो डास गावभर फिरवायचा होता, आणि नगरपालिकेकडे गाडी एकच. झालं. डास तिच्या छपरावर वेल्डिंग करून बसवला, कर्णा लावला आणि बिऊला हुकूम झाला की महिनाभर गल्लीगल्लीतून डासांपासून सावध राहा असं सांगत फिर.

पहिला सोमवार चुकला. रोझिवानिया आणि जिल्वानेते आरोग्य खात्याच्या वाल्देलीसेबाईंकडे गेल्या. मीही गेलो, केस कापून देतो म्हटल्यावर नगरपालिकेत कुणीही आत सोडतं.

वाल्देलीसेबाई गोड बोलल्या. "अगं, ही मोहीम कुणासाठी आहे? तुझ्यासारख्यांच्या मुलांसाठीच ना?"

"मग गाडी माझ्या मुलीला द्या," रोझिवानिया म्हणाली.

"गाडी दिली तर मोहीम कशी चालणार?"

"डास काढून दुसरीकडे ठेवता येणार नाही का?" मी विचारलं.

"तो वेल्डिंग केलाय," बाई म्हणाल्या. "खर्च झालाय त्याच्यावर."

दुसरा सोमवारही चुकला. त्या दिवशी डासाची गाडी रोझिवानियाच्या दारावरून तीनदा गेली. कर्ण्याने एलो ताठ व्हायची, आणि बिऊ मान खाली घालून गाडी हळू न्यायचा. सणानंतरचा सोमवार तिसरा होता. तो गेला की जागा गेली.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या दुकानात सोंगाची बैठक बसली. दोतोरांचा निरोप घेऊन वाल्देलीसेबाई स्वतः आल्या. निरोप दोन. एक, यंदा नवरा दोतोर स्वतः होणार. दोन, नवरीला पोट नको.

बंदूकवाल्या बापाचं काम करणारा खाटीक एरिवाल्दू खुर्चीतून अर्धा उठला, तोंडाला साबण तसाच. "पोट नको म्हणजे?"

"सरकार बायकांना सांगतंय, सध्या दिवस जाऊ देऊ नका. आणि आपण भर मैदानात पोटुशी नवरी नाचवणार? काय संदेश जाईल?"

"बाई, ही पंचेचाळीशीची आहे आणि पोटात मक्याची सालं आहेत."

"संदेश सालांचाही जातो," वाल्देलीसेबाई म्हणाल्या.

"मग मी बंदूक कशाला रोखायची?" एरिवाल्दू म्हणाला. "पोट नाही तर राग कशाचा? माझं पात्रच उरत नाही."

अकॉर्डियनवाल्याने सुचवलं, नवऱ्याने शेळी चोरली असं करू. एरिवाल्दू म्हणाला, शेळीसाठी मी त्याला जावई का करून घेईन? कुणी म्हणालं, नवरीला गॅस झालेत असं दाखवू, पोट राहील आणि संदेश जाणार नाही. वाल्देलीसेबाई यावर खरंच विचार करू लागल्या. तासभर चर्चा झाली, आवाज चढले. इतकी मनापासून चर्चा आमच्या गावात पाण्यावरही झालेली नाही.

जिल्वानेते कोपऱ्यात बसली होती. शेवटी म्हणाली, "बाई, काळजी सोडा. उशी नाही बांधत. शब्द देते."

इतक्या लवकर ती ऐकेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, मला तर नाहीच. जाताना दारात तिने मला बाजूला घेतलं. "कोंपाद्री, एक काम कर. मी मैदानात उतरल्यापासून मी सांगेपर्यंत एकही फटाका उडता कामा नये."

"का गं? छातीत धडधडतं का?"

"हो, धडधडतं," ती म्हणाली.

मी घाबरलो. फटाकेवाल्याला गाठलं, त्याची दोन किरकोळ पापं मला माहीत होती, ती आठवून दिली. तो म्हणाला, पाद्रीबाबा, एक वात पेटणार नाही.

सणाच्या संध्याकाळी ऊन उतरायच्या आत मैदान भरलं. दारोदार शेकोट्या रचलेल्या, मुलींना चौकटींचे झगे, मुलांना काजळाच्या मिशा. दोतोर वाजतगाजत आले ते त्याच गाडीतून. छपरात हवेसाठी उघडणारी खिडकी होती, तिच्यातून अर्धे बाहेर उभे, वर गवती हॅट, सोंगाच्या रिवाजाप्रमाणे एक दात काळा रंगवलेला, आणि त्यांच्या डोक्यावर तो डास. ते हात हलवत होते, डास पंख हलवत होता. बिऊने गाडी मैदानाच्या मधोमध आणून उभी केली.

मग गाढवाच्या गाडीतून नवरी आली. मोठा पांढरा झगा, वर विणलेली शाल, आणि शालीखाली चांगलं मोठं पोट. लोकांनी शिट्ट्या मारल्या. वाल्देलीसेबाई कडेने दोन्ही हातांनी नाही-नाही करत होत्या. गाढवाशेजारून रोझिवानिया चालत होती, आणि तिचे हात रिकामे होते. मला वाटलं, एलोला कुणाकडे ठेवून आली असेल. फटाके उडाले नाहीत. लोक इकडेतिकडे बघू लागले, पण फटाकेवाला हाताची घडी घालून उभा होता.

मी झिंगल्यासारखा डोलत पुढे झालो. दोतोर रिवाजाप्रमाणे पळाले, बेताने पळाले, एरिवाल्दूने त्यांना बंदुकीने परत आणलं. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. मी माईकवर विचारलं, "हे पोट कुणाचं?"

दोतोरांनी हे वाक्य आठवडाभर घोकलं असावं. त्यांनी माईक माझ्या हातातून घेतला, हॅट मागे सारली आणि ताणून म्हणाले, "माझं नाही! माझा काही संबंध नाही! हिला मी आजच बघतोय!"

जिल्वानेतेने शाल बाजूला केली.

झोळीत एलो होती. आजीच्या छातीला गाल लावून, डोळे उघडे, चौकटीच्या कापडाचा इवला झगा घातलेला, कपाळावर लाल फीत. फडकं नव्हतं. ते लहान डोकं उजेडात सगळ्यांना दिसत होतं. दोन्ही मुठी आवळलेल्या.

आता मैदानाने ओरडायचं असतं. कुणी ओरडलं नाही. ढोलवाल्याचा हात वरच राहिला. दोतोर हसू तसंच ठेवून उभे होते, काळा दात दिसत होता, आणि माईक त्यांच्या तोंडाशी असल्यामुळे त्यांचा श्वास साऱ्या मैदानात ऐकू येत होता.

"तुमचंच आहे, दोतोर," रोझिवानिया म्हणाली. ओरडली नाही. दुकानात भाव विचारावा तसं म्हणाली.

मग एरिवाल्दू म्हणाला, "तुमचंच." मग ढोलवाला, मग कडेच्या बाया, त्याच बाया ज्या फडकं उचलून बघायच्या. मग सगळं मैदान, पण दरवर्षीसारखं नाही, हळू आवाजात, पोरगी दचकू नये म्हणून. इतकी माणसं कुजबुजत एकच गोष्ट म्हणतायत असं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. 

दोतोर सावरले. "बंधूंनो, भगिनींनो, या डासाविरुद्ध आपल्या नगरपालिकेने—"

"भाषण नको," जिल्वानेते म्हणाली. "नवऱ्याचं बोला. खेळ चालू आहे."

एरिवाल्दूने बंदूक जराशी वर केली. बंदूक लाकडाची होती, पण एरिवाल्दूला विसर पडला होता.

"बरं बाई, माझंच," दोतोर म्हणाले. "काय देऊ?"

"गाडी. सोमवारी पहाटे, दारात. आणि पुढचा प्रत्येक सोमवार."

"दिली."

"आणि समुद्र."

"दिला," दोतोर म्हणाले आणि लोक हसले. एलो तेवढ्या हसण्याने ताठ झाली, तसे सगळे आपापलं तोंड दाबून हसू लागले. मी दोघांना आशीर्वाद दिला. यंदा तिघांना दिला.

त्या संध्याकाळी जिल्वानेते पोरीला घेऊन घरी पोचेपर्यंत पोसु सेकूत एकही फटाका फुटला नाही. शेजारच्या गावातून लोक विचारायला आले, तुमच्याकडे कुणी वारलं का?

पण आता खरी गोम. 'दिलं' म्हणणं हे सोंगातलं. समुद्र दरवर्षी दिला जात होता आणि पोसु सेकू कोरडंच होतं. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी सणाची सुट्टी, मग शनिवार-रविवार, नगरपालिका बंद. वाल्देलीसेबाईंनी निरोप धाडला की दोतोर सोंगात बोलले ते सोंगात बोलले, गाडीबद्दल लेखी काही आलेलं नाही.  रोझिवानियाने रविवारभर पोरीचे कपडे भरले, काढले, पुन्हा भरले.

सोमवारी पहाटे मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. काय करणार होतो कुणास ठाऊक. माझ्याकडे सायकल आहे. उजाडायला लागलं. जिल्वानेते उंबऱ्यात बसून होती, कुसकुसचा डबा मांडीवर. मग गल्लीच्या टोकाला आधी डास दिसला, आणि मग त्याच्याखालची गाडी.

बिऊने खिडकी खाली केली. "चला, रस्त्यात ट्रकांची गर्दी होईल."

"हुकूम आला का तुला?" मी विचारलं.

"पाद्री तूच होतास ना? तुझ्यासमोर म्हणाला ना तो, दिली म्हणून? माईकवर म्हणाला, सगळ्या गावाने ऐकलं. आणखी कसला हुकूम? तूही बस. कुणी अडवलं तर साक्षीला."

मी बसलो. डास काढायला वेळ नव्हता. हमरस्त्यावर वेग आला तसे छपरावरचे पंख धाडधाड हलायला लागले. एलो आधी ताठ झाली. मग बिऊने खड्ड्याची माफी मागितली, मग डासाची मागितली, आणि कुठेतरी त्या एकसुरी आवाजात ती झोपली. ट्रकवाले खिडकीतून आम्हाला बघायचे आणि ओव्हरटेक करायचं विसरायचे. एका नाक्यावर पोलिसाने थांबवलं.

"हे काय आहे?"

"डास," बिऊ म्हणाला.

"ते दिसतंय. कुठे नेताय?"

"दवाखान्यात."

पोलिसाने आत पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि हाताने पुढे जा म्हणाला.

रेसिफेत केंद्राकडे जाताना एका वळणावर इमारतींच्या फटीतून समुद्र दिसला. बिऊने गाडी हळू केली. जिल्वानेतेने बराच वेळ पाहिलं.

"हाच का?"

"हाच," मी म्हणालो.

"इतकं पाणी," ती म्हणाली, "आणि एकही सैनिक नाही."

केंद्राच्या आवारात गावोगावच्या गाड्या उभ्या होत्या, सगळ्या साध्या. आमच्या गाडीभोवती आया मुलं घेऊन गोळा झाल्या. मला वाटलं, आता कुणाला तरी राग येईल. एका बाईने मुलाला उंच धरून डास दाखवला आणि म्हणाली, "हा बघ, हाच तो. आता हमाली करतोय." बाकीच्या हसल्या. रोझिवानियाही हसली. एलोवर फडकं टाकायचं त्या दिवशी ती विसरली, आणि पुढे तिने ते कधी टाकलं नाही.

आत बाकांवर दाटी होती. आमची जागा शाबूत होती. पुढच्या मुलाची आईही तिथेच बसली होती, आम्ही येत नाही ना बघायला. ती आमच्याकडे पाहून उठली आणि बाहेर गेली. मला तिचा चेहरा अजून दिसतो. जिल्वानेते तिच्यामागे गेली, कुसकुसचा डबा तिच्या हातात देऊन आली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. तिच्या मुलासाठी जागा मागायला आमच्याकडे दुसरा नवरा नव्हता.

थोड्या वेळाने दार उघडलं. पांढऱ्या कोटातली नर्स बाहेर आली, पेंगुळलेल्या आवाजात म्हणाली, "एलोइझा. कुणाची आहे ही?"

रोझिवानिया उठली. जिल्वानेते उठली. मी उठलो, आणि माझ्या बाजूला बिऊ टोपी काढून उभा होता.

"आमची," आम्ही म्हणालो.

"आत एकानेच यायचं," नर्स म्हणाली.